क्लॅरिओनेटच्या ध्वनिमुद्रिका : निवडीचा प्रश्न

ग्रंथालयासाठी ज्ञानेश्वरी घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या प्रतीवरून सिद्ध केली आहे, हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची परंपरा आणि राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत ह्यांतील भेद ज्याला ठाऊक नाही, तो विद्यार्थी ओव्यांचा आस्वाद घेऊ शकेल. ओव्यांच्या भाषेविषयी विधान करण्याचा अधिकार मात्र त्याला पोचत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत ही सावधगिरी आपण बाळगीत नाही. वादकाचे नाव मोठे असले, तबकडी खरखरत नसली आणि कोणा जाणत्याने तिची शिफारस केली असली, की निवड झाली असे आपण मानतो. वास्तविक ध्वनिमुद्रिका हाही एक पाठच होय, आणि पाठ निवडणे हे समीक्षेचे पहिले काम आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका वाद्यापुरता, म्हणजे क्लॅरिओनेटपुरता, घेतला आहे. विभागाच्या श्रवणसंग्रहात ह्या वाद्याच्या सात-आठच ध्वनिमुद्रिका ठेवावयाच्या झाल्या तर त्या कोणत्या तत्त्वावर निवडाव्यात, एवढाच त्याचा विषय आहे.

क्लॅरिओनेटच का, ह्याचे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या ठिकाणांत आहे. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथून येणाऱ्या विद्यार्थ्याने सारंगी प्रत्यक्ष ऐकलेली असेलच असे नाही. क्लॅरिओनेट त्याने नाव कळण्यापूर्वीच ऐकलेले असते. लग्नाच्या वरातीत बँडच्या पुढच्या रांगेत, पितळी वाद्यांच्या कल्लोळातून गाण्याची मूळ चाल स्पष्ट काढीत जाणारे काळे लाकडी वाद्य ते हेच. मरोळ, गोराई, मनोरी अशा साष्टीतील जुन्या गावांतून ईस्ट इंडियन समाजाच्या लग्नात उंबराचे पाणी आणण्याच्या विधीला बँड लागतो, तेथेही ते असते. शिवाय मालाडची बॉम्बे टॉकीज, गोरेगावचे फिल्मिस्तान आणि अंधेरीचे स्टुडिओ ह्यांनी जो चित्रपट ह्या उपनगरांतून देशभर पाठविला, त्याच्या वाद्यवृंदात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी हे वाद्य कायमचे बसविले. तेव्हा ह्या वाद्याशी आपला परिचय जुना आहे. परंतु तो परिचय कानाचा आहे, विचाराचा नाही. मैफलीत स्वतंत्रपणे ते ऐकण्याचा योग उपनगरात दुर्मीळ, आणि नरिमन पॉइंटच्या सभागृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकून बोरीवलीस परतणे हा ज्याचा त्याने हिशेब करावा. उरते ती ध्वनिमुद्रिका. आज ती दुर्मीळ नसून अतोनात आहे. भ्रमणध्वनीवर एका शब्दासरशी शेकडो नावे पुढे येतात. म्हणूनच निवडीचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक बिकट झाला आहे.

रूढ पद्धती तीन आहेत. पहिली कीर्तीची, दुसरी प्रकारवार वाटणीची, म्हणजे दोन पाश्चात्त्य, दोन जॅझच्या, दोन हिंदुस्थानी अशी. आणि तिसरी ध्वनीच्या स्वच्छतेची. तिन्हींचा दोष एकच. ऐकणाऱ्याने काय ऐकावे, हे त्यांतून ठरत नाही. वाटणीची पद्धत तर निव्वळ प्रशासकीय आहे. तिने सर्वांस न्याय मिळतो आणि कोणाचेच काही ऐकले जात नाही. आमच्या मते निवड प्रश्नावरून व्हावी, आणि तो प्रश्न वाद्याच्या देहातूनच निघावा. क्लॅरिओनेटच्या बाबतीत असा एक प्रश्न अगदी उघड आहे : कळा बसविलेल्या ह्या नळीने मानवी गळ्याशी कोणते नाते जोडले?

त्यासाठी वाद्याची रचना थोडी पाहावी लागेल. सनईची नळी खाली रुंद होत जाते; क्लॅरिओनेटची नळी बहुतांशी एकसारख्या व्यासाची असते आणि वरच्या टोकाला एकपदरी पत्तीने बंद होते. ह्या लहानशा वाटणाऱ्या फरकाचा परिणाम फार मोठा आहे. सनईवर ज्या बोटांनी मध्य षड्ज वाजतो त्याच बोटांनी फुंकीचा जोर बदलला की तार षड्ज मिळतो. क्लॅरिओनेटवर तसे होत नाही. तेथे ज्या बोटांनी मंद्र षड्ज वाजेल त्याच बोटांनी, वरची कळ उघडल्यावर, मध्य सप्तकातला पंचम वाजतो. म्हणजे एकाच स्वरासाठी दोन सप्तकांत दोन वेगळ्या बोटजागा शिकाव्या लागतात, आणि मधली पोकळी जादा कळांनी भरून काढावी लागते. ह्या भरून काढलेल्या स्वरांचा नाद मुळातच क्षीण असतो. त्यांच्या पुढे गेले की एक सांधा येतो : जवळजवळ सर्व छिद्रे उघडी असतात ती एकदम सर्व मिटावी लागतात. खालचे स्वरक्षेत्र घुमणारे, काहीसे गूढ. वरचे तेजस्वी, गाते. आणि त्यांच्या मध्ये हा सांधा. दोन आवाजांची ही दोन माणसे एका देहात नांदवणे हीच क्लॅरिओनेटवादकाची जन्माची साधना होय.

मींडेचा प्रश्न येथे किती अवघड होतो, हे आता ध्यानात येईल. उघड्या छिद्रावरून बोट हळूहळू सरकवले तर स्वर वाहतो. कळ मात्र एक तर उघडी असते वा मिटलेली. अखिल भारतीय आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा मुख्य आक्षेप हाच होता, की पट्ट्यांच्या वाद्यातून श्रुती व मींड निघत नाही. क्लॅरिओनेटही कळांचेच वाद्य. त्याच्यावर तशी बंदी आली नाही. हार्मोनियमची पत्ती पेटीत बंद असते, क्लॅरिओनेटची पत्ती वादकाच्या ओठांत असते. ओठ सैल सोडून, घशाची पोकळी बदलून, बोट अर्धवट उचलून स्वर वाकविता येतो. हार्मोनियमला जे अशक्य, ते क्लॅरिओनेटला केवळ कठीण आहे. अशक्य आणि कठीण ह्यांच्यामधल्या ह्याच जागेत वादकाची शैली दिसते. श्रवणसंग्रहातील प्रत्येक ध्वनिमुद्रिका ह्या जागी काय घडले ते दाखवणारी असावी, अशी आमची कसोटी आहे.

ह्या कसोटीने पाहिले असता मोत्सार्टचा क्लॅरिओनेट कन्चेर्तो, जो प्रत्येक यादीत अग्रभागी असतो, तो आमच्या यादीत पहिला येत नाही. तथापि त्याला वगळताही येणार नाही, आणि त्याचे कारण पुन्हा पाठाचेच आहे. १७९१ च्या अखेरीस, मृत्यूपूर्वी काही आठवडे, मोत्सार्टने ही रचना अंटोन श्टाडलर ह्या वादकासाठी पूर्ण केली. श्टाडलरचे वाद्य नेहमीच्या क्लॅरिओनेटपेक्षा खाली आणखी काही स्वर उतरणारे होते. मूळ हस्तलिखित हरवले. १८०१ साली जी छापील प्रत निघाली ती सामान्य वाद्यासाठी फिरवून लिहिलेली होती, आणि खाली जाणाऱ्या जागा तेथे वर उचलल्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी एका जर्मन नियतकालिकातील परीक्षणाने हा बदल दाखवून दिला होता. तरीही पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ हाच बदललेला पाठ मूळ म्हणून वाजत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढीव नळीचे वाद्य पुन्हा घडविण्यात आले; थिआ किंग हिची १९८५ सालची आणि सबीने मेयर हिची १९९० सालची ध्वनिमुद्रिका त्या वाद्यावरील आहे. ह्यांपैकी एक, आणि तिच्या शेजारी जुन्या पाठाची कोणतीही एक, एवढे संग्रहास पुरे. विद्यार्थ्याने दोन्ही लावून फक्त खालच्या जागा ऐकाव्यात. वाक्य खोल उतरून स्थिरावते की मध्येच उडी मारून वर येते, हे ऐकल्यावर पाठभेद म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागणार नाही.

अग्रस्थान आमच्या मते ब्राह्म्सच्या क्लॅरिओनेट पंचकाला आहे. रचनालेखन थांबविण्याच्या विचारात असलेल्या ब्राह्म्सने १८९१ साली मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातील रिखार्ड म्यूलफेल्ड ह्याचे वादन ऐकले आणि त्याच उन्हाळ्यात हे पंचक लिहिले. त्याच्या दुसऱ्या, विलंबित भागाचा मध्य आपल्या श्रोत्याने मुद्दाम ऐकावा. तंतुवाद्ये कंप पावत एक प्रकारचा आधारस्वर धरतात आणि त्यावर क्लॅरिओनेट तालाच्या बंधनातून सुटल्यासारखे वर-खाली धावते. हंगेरीच्या भटक्या वादकांची ही ढब असल्याचे मानले जाते. त्याला आलाप म्हणणे चुकीचे होईल, कारण प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. परंतु लिहिलेले सुचल्यासारखे वाजले पाहिजे, ही अपेक्षा आपल्या श्रोत्याला परिचित आहे. आणि हे धावणे सांध्यावरून पुनःपुन्हा जाते. सांधा झाकावा की दाखवावा, हे येथे वादकाला ठरवावेच लागते.

म्यूलफेल्ड १९०७ साली वारला. त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही. तेव्हा ब्राह्म्सच्या कानात कोणता नाद होता, हे आपल्याला कळणे नाही. उपलब्ध ध्वनिमुद्रिकांत तीन परस्परांहून फार भिन्न आहेत. चार्ल्स ड्रेपर ह्याने लेनर चतुष्टयाबरोबर १९२८ साली केलेली पहिली. तीत तंतुवाद्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर सढळपणे घसरतात आणि क्लॅरिओनेट मात्र सरळ, निष्कंप उभे असते. रेजिनाल्ड केल ह्याने बुश चतुष्टयाबरोबर १९३७ साली केलेली दुसरी. केलने इंग्लंडमधील रूढ शिस्त मोडून दीर्घ स्वरांना कंपन दिले. लिऑन गूसेन्स ह्या ओबोवादकाच्या गात्या स्वराचा त्याच्यावर प्रभाव होता. त्याच्या देशातील कित्येक वादकांना ते आवडले नाही. क्लॅरिओनेटचा नाद स्फटिकासारखा असावा, त्यात थरथर कशाला, असा त्यांचा पक्ष. कार्ल लाइस्टर ह्याची आमाडेउस चतुष्टयाबरोबरची १९६७ सालची तिसरी. येथे कंपन नाही आणि सांधाही ऐकू येत नाही. खालचा व वरचा आवाज एकाच कापडाचा आहे. क्लॅरिओनेट अनेक ठिकाणी तंतूंच्या नादात विरून जाते, आणि ते कोठे निघाले व कोठे परत मिळाले, हे शोधण्यातच ऐकण्याचा आनंद आहे.

ह्यांपैकी एकच ठेवायची तर आम्ही केल-बुश ठेवू. लाइस्टरचे वादन अधिक निर्दोष आहे, ह्यात शंका नाही. परंतु निर्दोषतेतून प्रश्न दिसत नाही. तो सोडवून झाल्यानंतरची शांतता तेवढी दिसते. केलच्या वादनात प्रश्न उघडा आहे. तो नळीला गळा करू पाहतो, आणि काही ठिकाणी नळी ते मान्य करीत नाही. मधल्या क्षीण स्वरांवर त्याचे कंपन थोडे अतिरिक्त, जवळजवळ हळवे होते. त्या विलंबित भागात मात्र तो श्वास असा वाटून देतो की वाक्याचा शेवट फुंकीने नव्हे, अर्थाने झाला असे वाटते. आपल्याकडे ज्याला दमसास म्हणतात त्याचा हा उत्तम पाठ होय. (बेनी गुडमन हा जॅझमधील अग्रगण्य वादक, १९३८ साली बुडापेस्ट चतुष्टयाबरोबर मोत्सार्टचे पंचक ध्वनिमुद्रित करून झाल्यावरही, १९४९ साली ह्याच केलकडे शिकावयास गेला आणि पत्ती ओठांत धरण्याची आपली जन्माची सवय त्याने बदलली. कीर्तीच्या शिखरावरील कलावंताने ओठांपासून पुन्हा आरंभ करावा, ही गोष्ट आपल्या गुरुकुलांतूनही सांगण्यासारखी आहे.)

मींडेपुरते बोलावयाचे तर पाश्चात्त्य संगीतात तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गर्श्विनच्या ‘ऱ्हाप्सडी इन ब्लू’चा आरंभ होय. १९२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये झालेल्या पहिल्या प्रयोगात रॉस गॉर्मन ह्याने लिहिलेल्या आरोही स्वरांच्या जागी एक अखंड घसरण वाजविली, आणि रचनाकाराने ती ठेवली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये झालेले ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ही जागा वाजविताना वादक सामान्यतः खालचे स्वर स्वतंत्र वाजवून घेतात आणि सांधा ओलांडल्यावरच स्वर वाहू देतात. प्रश्न असा की, मींड हा तेथे चमत्कार आहे, भाषा नाही. भाषा झालेली ऐकावयाची असल्यास तुर्कस्तानकडे वळावे. तेथील शुक्रू तुनार (१९०७–१९६२) आणि त्याच्यानंतरचा मुस्तफा कांदिराली ह्यांनी खालच्या पट्टीच्या लांब क्लॅरिओनेटवर मकाम पद्धतीचे सूक्ष्म स्वर व घसरणी अशा रुजविल्या की वाद्य मूळचे जर्मनीचे, हे विसरावयास होते. त्यांची एक ध्वनिमुद्रिका संग्रहात हवी. तिच्याने एक भ्रम दूर होतो : कळा मींडेला आडव्या येतात हे खरे, पण किती आड येऊ द्यायचे, ते परंपरा ठरवते.

आता आपल्याकडे यावे. येथे आमची निवड काहींना रुचणार नाही, ह्याची जाणीव आहे. संग्रहातील पहिली भारतीय ध्वनिमुद्रिका कोणत्याही मैफलीची नसावी. ती मास्टर इब्राहिम ह्यांची, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने काढलेली, चित्रपटगीताची धून वाजविणारी ७८ फेऱ्यांची तबकडी असावी. १९४०–५० च्या दशकांत मुंबईच्या ह्या वादकाच्या अशा तबकड्या मोठ्या संख्येने निघाल्या. त्यांच्याविषयी गंभीर लेखन नाही म्हणण्याइतके थोडे आहे. संग्राहकांनी त्या जपल्या. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेसारख्या प्रयत्नांमुळे जुन्या तबकड्यांविषयी आस्थाही वाढली. पण अभ्यासकाने त्यांना ‘धून’ म्हणून बाजूला सारले. ह्या शब्दात एक तिरस्कार आहे. गाणे लोकप्रिय झाले, तेव्हा कंपनीने तेच पुन्हा विकले, ह्यात कला कसली, असा तो युक्तिवाद.

व्यापार होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु व्यापारानेच येथे एक विलक्षण प्रयोग घडवून आणला, आणि त्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्या मराठी समीक्षेत आहे. यशवंत देवांनी शब्दप्रधान गायकीचा विचार मांडला. चाल शब्दातून उगवते, श्वास कोठे घ्यावा हे अर्थ ठरवतो, असा त्याचा गाभा. मग अशा चालीतून शब्द काढून घेतले आणि ती एका नळीच्या स्वाधीन केली, तर काय उरते? गायिकेने ज्या अक्षरावर थांबून स्वर लांबविला ते अक्षर गेले, लांबी तेवढी राहिली. ज्या व्यंजनाने ओळीला धार दिली ते व्यंजन गेले. मुखडा पाच वेळा येतो. शब्द असताना प्रत्येक वेळी तो अंतऱ्याला उत्तर देत होता, आता तो नुसता परत येतो. ह्या रिकाम्या जागा कशाने भरायच्या, हा वादकापुढचा प्रश्न आहे. तीन मिनिटांच्या बाजूवर आलापाला अवकाश नाही, मूळ गाण्यापासून दूर जाण्याची मुभा नाही, कारण गिऱ्हाईक गाणे ओळखून तबकडी घेणार. इतक्या अरुंद वाटेवर शैली दाखविणे हे मैफलीपेक्षा सोपे काम नव्हे.

इब्राहिम ह्यांचे उत्तर दीर्घ स्वरात आहे. मूळ गाण्याची रेघ ते सोडीत नाहीत. पण लांब स्वरावर त्यांचे कंपन हळूहळू उघडते, आरंभी सरळ आणि शेवटाकडे हलते. शब्द गेल्याने जी लांबी रिकामी झाली होती तिला त्यामुळे आतून चलन मिळते. त्यांच्या तबकड्या ऐकताना विद्यार्थ्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पत्तीवर जीभ कोठे लागते आणि कोठे नुसता श्वास चालतो, म्हणजे व्यंजनाची आठवण कोठे ठेवली आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना कण गळ्याचा आहे की बोटांचा. आणि अंतऱ्यात चाल वर चढते तेव्हा सांधा कोठे लागतो. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. षड्ज कोणत्या स्वराला धरावा, हा निर्णय वादकाने सांध्याचा विचार करूनच घ्यावयाचा असतो. मुखडा एका स्वरक्षेत्रात आणि अंतरा दुसऱ्यात पडेल अशी योजना साधली, तर वाद्याची अडचण हीच गीताची रचना होऊन बसते. केलने १९३७ साली लंडनमध्ये जो प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न केला, तोच हा प्रश्न. केलला त्यासाठी शिस्त मोडावी लागली. इब्राहिम ह्यांना मोडण्यासारखी शिस्तच समोर नव्हती. गळा हेच ज्या परंपरेचे प्रमाण, तिच्यात ते वाढले होते. म्हणून ह्या दोन ध्वनिमुद्रिका संग्रहात शेजारी ठेवाव्यात, एक युरोपच्या कपाटात आणि दुसरी सुगम संगीताच्या खणात असे करू नये.

स्तुती येथेच थांबवली पाहिजे. ह्या तबकड्यांपैकी बऱ्याच एकमेकींसारख्या आहेत. मूळ गीतातील वाद्यवृंदाच्या जागा जशाच्या तशा उचललेल्या असतात, त्यामुळे वाद्य गळ्याचे काम करताना मध्येच वाद्यवृंदाचे एक अंग होते आणि आपण कोणाचे ऐकत आहोत, हे कळेनासे होते. मूळ गाणे हलके असले की धून त्याहून हलकी होते, कारण शब्दांचा खेळकरपणाही गेलेला असतो. जुन्या गोष्टींविषयीच्या ममतेने सर्वच जपावे, ह्या मताचे आम्ही नाही. अशोक दा. रानडे ह्यांनी संगीताच्या कोटी मांडताना जनसंगीताला कलासंगीताहून वेगळी स्वतंत्र कोटी दिली, ती त्याचे दोष झाकण्यासाठी नव्हे; त्याची कसोटी त्याच्याच कार्यातून काढावी म्हणून. त्या कसोटीनेही ह्या ढिगातून दोन-तीनच बाजू निवडाव्यात, आणि निवडताना मूळ गीत प्रथम व धून नंतर असे लागोपाठ ऐकावे.

चित्रपटाच्या वाद्यवृंदातील क्लॅरिओनेटची निवड अधिक अवघड आहे, कारण तबकडीवर गायकाचे व संगीतकाराचे नाव छापले जाई, वादकाचे नव्हे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य नृत्यवाद्यवृंदाची ढब आपल्या गीतांत आणली. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर चिक चॉकलेट ह्या गोमंतकीय तुतारीवादकाचा ताफा पडद्यावरच दिसतो. ह्या मंडळींनी गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपीचे शिक्षण घेतले होते. लिहिलेले वाचणे त्यांना सहज होते, मींड त्यांना मुंबईने शिकवली. ग्रेगरी बूथ ह्यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली लिहिलेल्या ग्रंथामुळे कित्येक नावे प्रकाशात आली. १९५८ साली मुंबईस आलेले मनोहारी सिंग सॅक्सोफोनसाठी ओळखले जातात. क्लॅरिओनेटही ते वाजवीत. तरी एखाद्या विशिष्ट गीतातील विशिष्ट जागा कोणाची, हे सांगताना घाई करू नये. इंटरनेटवर अशी श्रेये उदारपणे वाटलेली आढळतात.

शास्त्रोक्त संगीतासाठी दक्षिणेकडे जावे लागते, आणि त्या वाटेवर मराठी माणसाला आपलेच एक दार लागते. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) ह्यांच्या तंजावरच्या दरबारात युरोपीय वाद्यांचा वृंद होता. एकोणिसाव्या शतकात तमिळ प्रदेशातील नृत्याच्या साथीला मुखवीणेच्या जागी क्लॅरिओनेट आले. महादेव नट्टुवनार ह्यांना परंपरा त्याचे श्रेय देते. मराठी राजांच्या दरबारातील तो वृंद आणि हे वाद्यांतर ह्यांचा संबंध किती निकटचा, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. परंतु क्लॅरिओनेट म्हणजे इंग्रजी लष्करी बँडची उरलीसुरली वस्तू, हे मत त्यामुळे डळमळीत होते. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन ह्यांनी हे वाद्य नृत्याच्या साथीतून काढून मुख्य वाद्य म्हणून कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एखादी विस्तृत रागाची ध्वनिमुद्रिका अपरिहार्य आहे. नागस्वराच्या वळणाने वाढलेले त्यांचे गमक इतके भरीव आहे की कळा आहेत कोठे, असा प्रश्न पडावा. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरचे नरसिंहलू वडवाटी ह्यांचे वादन घ्यावे. विलंबित ख्यालाच्या आलापीत खालच्या स्वरक्षेत्राचा घुमारा किती उपयोगी पडतो, ते तेथे कळते. सनईला हा घुमारा नाही. तिला तार सप्तकाचे आकाश आहे. क्लॅरिओनेटला मंद्राची विहीर आहे, आणि आपल्या वादकांनी ती अजून पुरती उपसलेली नाही, असे आम्हांस वाटते.

एक आक्षेप अपेक्षित आहे. मींड व गळा ही आपली मूल्ये. ती ब्राह्म्सवर लादणे योग्य काय? त्याचे उत्तर केलच्या उदाहरणात आलेच आहे. नळीने गावे की न गावे, हा वाद युरोपात त्यांच्या त्यांच्यातच चालला होता. तो आपण येथून नेलेला नाही. शिवाय आमची कसोटी गुण देण्याची नव्हे, प्रश्न विचारण्याची आहे. लाइस्टर ह्या कसोटीवर ‘नापास’ होत नाही. त्याने गळा होण्याचे नाकारले, आणि त्या नकारातून वाद्याचे जे स्वतंत्र सौंदर्य निघाले ते ह्याच प्रश्नामुळे स्पष्ट ऐकू येते. वामनराव देशपांडे ह्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) स्वर व लय ह्या दोन टोकांच्या दरम्यान घराणी मांडून दाखविली, तेव्हा कोणत्याही घराण्यावर अन्याय झाला नाही, त्यांच्यातील अंतरे मोजण्याची सोय झाली.

निवड झाल्यावर प्रत कोणती घ्यावी, हा व्यावहारिक पण निर्णायक प्रश्न उरतो. जुन्या तबकड्यांची जी रूपांतरे आज मिळतात त्यांत खरखर काढण्याच्या नादात वरचे नादांश कापले गेलेले असतात. क्लॅरिओनेटला ह्याची झळ फार लागते : पत्तीचा दाणा आणि श्वासाची कड जाते, आणि उरते ते बासरीसारखे गुळगुळीत काहीतरी. थोडी खरखर असलेली प्रत पत्करावी. दुसरी गोष्ट वेगाची. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी लावली तर षड्ज आणि कोमल ऋषभ ह्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने स्वर चढतो. कंपनही तेवढेच जलद होते, आणि संयमी वादक हळवा वाटू लागतो. इब्राहिम ह्यांच्याविषयी काही श्रोत्यांचे जे मत आहे त्यात अशा चुकीच्या वेगाचा वाटा किती, हे प्रत्येक प्रतीची पट्टी मूळ गीताच्या पट्टीशी ताडून पाहिल्याशिवाय ठरविता येणार नाही. दोन्ही पट्ट्या एकच असतील असेही गृहीत धरू नये. पण संवादिनीच्या कोणत्याच पट्टीला न जुळणारी प्रत मात्र संशयास्पद समजावी.

संग्रहात बँडची एकही ध्वनिमुद्रिका आम्ही सुचविलेली नाही. स्टुडिओत केलेल्या बँडच्या ध्वनिमुद्रिका मिळतात. त्यांत क्लॅरिओनेटवर कृत्रिम घुमारा चढविलेला असतो आणि वाद्ये एकमेकांपासून इतकी अलग केलेली असतात की रस्त्यावर ते का ऐकू येते, ह्याचाच उलगडा होत नाही. मेरठच्या जाली कोठीत घडलेले, जुन्या पद्धतीच्या कळांचे वाद्य घेऊन, चालता चालता, ढोल आणि तुताऱ्यांच्या वरून चाल काढणारा वादक सांध्याचे काय करतो, हे ऐकावयाचे तर ध्वनिमुद्रण वरातीतच झाले पाहिजे, आणि यंत्र वादकाच्या डाव्या-उजव्या अंगाला, चार-पाच पावलांवर, त्याच्याबरोबर चालत राहिले पाहिजे. मरोळ किंवा गोराई येथील विद्यार्थी विभागात असल्यास येत्या लग्नसराईत वादकांची व यजमानांची संमती घेऊन हे करता येईल. त्यासाठी कपाटात एक जागा मोकळी ठेवावी.